अपस्फीत नीलांवरील अल्पछेदी उपचार : दावे, पुरावे आणि भाषा यांची चिकित्सा

गोषवारा

पायांतील फुगलेल्या व नागमोडी झालेल्या नीलांवर, म्हणजे सामान्यतः 'व्हेरिकोज व्हेन्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारावर, विसाव्या शतकाच्या अखेरीपासून लेसर, रेडिओलहरी, फेस आणि वैद्यकीय गोंद यांवर आधारित उपचारपद्धती रूढ झाल्या. या पद्धतींना 'अल्पछेदी' असे एकत्रित नाव दिले जाते. प्रस्तुत लेखात या पद्धतींमागील तत्त्व, त्यांची तुलना करणाऱ्या प्रमुख चाचण्या आणि 'अल्प' या विशेषणाचा अर्थ यांचे परीक्षण केले आहे. छेदाची लांबी हा उपचाराच्या श्रेष्ठतेचा निकष पुरेसा नाही. या पद्धतींचे खरे मोल नीलाजन्य व्रणाच्या रुग्णापर्यंत उपचार वेळेवर पोहोचविण्याच्या क्षमतेत आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

कळीचे शब्द : अपस्फीत नीला, अल्पछेदी उपचार, लेसर, फेसोपचार, नीलाजन्य व्रण, वैद्यकीय परिभाषा.

१. प्रस्तावना

वैद्यकशास्त्रातील नव्या तंत्राचे मूल्यमापन दोन पातळ्यांवर होत असते. पहिली पातळी शास्त्रीय चाचण्यांची व दुसरी लोकव्यवहारातील भाषेची होय. या दोन पातळ्यांमध्ये अंतर पडले की रुग्णाची अपेक्षा एकीकडे आणि उपचाराची वास्तविक क्षमता दुसरीकडे, अशी स्थिती निर्माण होते. अपस्फीत नीलांवरील उपचार हे या अंतराचे बोलके उदाहरण आहे. 'बिनटाक्याचा', 'वेदनारहित', 'एका दिवसात घरी' आणि 'कायमचा' ही चार विशेषणे या उपचारांच्या जाहिरातींत सर्रास एकत्र येतात. त्यांपैकी पहिले बव्हंशी खरे आहे. दुसरे अंशतः खरे आहे. तिसरे सामान्यतः खरे आहे. चौथे मात्र पुराव्यावर टिकत नाही. चारही विशेषणे एकाच दमात उच्चारली गेल्यामुळे पहिल्याची विश्वासार्हता चौथ्याला आपोआप लाभते. म्हणूनच या उपचारांची चिकित्सा करताना त्यांचे यश आणि त्या यशाचे वर्णन या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहणे आवश्यक ठरते.

२. विकाराचे स्वरूप

नीलांमध्ये रक्त एकाच दिशेने, हृदयाकडे, वाहावे यासाठी झडपांची योजना असते. या झडपांचे तपशीलवार वर्णन फॅब्रिशियस याने १६०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडताना याच झडपांचा आधार घेतला. मनुष्य स्तब्ध उभा असताना घोट्याजवळच्या नीलांतील दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो. चालू लागताच पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि हा दाब बराच उतरतो. झडपा निकामी झाल्या तर वर गेलेले रक्त पुन्हा खाली येते व चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. त्वचेखालील नीला फुगणे हा या प्रक्रियेचा केवळ दृश्य भाग आहे. सूज, त्वचा काळवंडणे, ती कठीण होणे आणि अखेरीस घोट्याच्या वर न भरणारी जखम होणे, या तिच्या पुढील पायऱ्या होत. या पायऱ्यांचे वर्गीकरण १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर निश्चित झाले व २००४ आणि २०२० मध्ये त्यात सुधारणा करण्यात आल्या.

येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावी लागते. दिसणारी नीला आणि जाणवणारा त्रास यांचे नाते सरळ नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडिंबरो येथील पाहणीत १८ ते ६४ वर्षे वयोगटातील १,५६६ व्यक्तींची तपासणी झाली. वयानुरूप समायोजन केल्यावर मुख्य नीलांचा अपस्फीतपणा सुमारे ४० टक्के पुरुषांत व ३२ टक्के स्त्रियांत आढळला. हा विकार प्रामुख्याने स्त्रियांचा असतो, या रूढ समजाला त्यामुळे धक्का बसला. पाय जड वाटणे, दुखणे, वांब येणे या तक्रारी आणि नीलांची दृश्य अवस्था यांचा संबंधही अनेक बाबतींत क्षीण आढळला. तात्पर्य, फुगलेली नीला दिसली म्हणजे पायदुखीचे कारण सापडले, असा निष्कर्ष काढता येत नाही. नीला बंद करूनही पाय दुखतच राहिला, अशी तक्रार पुढे उद्भवते, तिचे एक मूळ येथे आहे.

३. छेदाकडून अल्पछेदाकडे

या विकाराची नोंद प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सिराज ग्रंथीचे वर्णन येते. दुर्बल व्यक्तीने अतिश्रम केल्यास वात प्रकुपित होऊन सिरांमध्ये उंचवटा निर्माण होतो, असा तेथील आशय आहे. आधुनिक लेखनात हा ग्रंथी आणि अपस्फीत नीला एकच मानण्याची प्रथा पडली आहे. हे समीकरण सावधपणे स्वीकारले पाहिजे, कारण झडपांच्या अकार्यक्षमतेची आधुनिक कल्पना त्या वर्णनात नाही. युरोपीय परंपरेत प्लुटार्क याने रोमन सेनानी मारियस याची हकीकत दिली आहे. त्याने बांधून न घेता एका पायाच्या नीला कापून घेतल्या आणि दुसरा पाय मात्र वैद्याच्या हाती दिला नाही. मिळणारा लाभ सोसाव्या लागणाऱ्या वेदनेच्या मोलाचा नाही, असे त्याचे मत पडले. उपचाराचे ओझे आणि उपचाराचा लाभ यांची तुलना रुग्णाने स्वतः केल्याची ही आरंभीची नोंद म्हणता येईल.

आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्ग याने १८९१ मध्ये घातला. मांडीतील मोठी सॅफिनस नीला बांधून उलटा प्रवाह रोखणे हे त्याचे तत्त्व होते. १९०५ ते १९०७ या काळात केलर, मेयो आणि बॅबकॉक या अमेरिकन शल्यविशारदांनी ती नीला खेचून बाहेर काढण्याची साधने तयार केली. जांघेत छेद, नीलेचे बंधन आणि तिचे उच्चाटन ही त्रिसूत्री त्यानंतर सुमारे नव्वद वर्षे प्रमाणभूत राहिली. शस्त्रक्रियेनंतर जांघेत नव्या सूक्ष्म नीला उगवणे व विकार परतणे ही तिची ज्ञात मर्यादा होती. संपूर्ण किंवा मणक्यातील भूल, पायावरची काळीनिळी सूज आणि कामावरील दीर्घ गैरहजेरी ही तिची किंमत होती.

४. नव्या पद्धती : कार्य आणि मर्यादा

नव्या पद्धतींचे मूळ तत्त्व एकच आहे. नीला बाहेर काढण्याऐवजी ती जागच्या जागी बंद करायची आणि शरीराने ती हळूहळू शोषून घ्यायची. सोनोग्राफीच्या साहाय्याने गुडघ्याजवळ सुईने नीलेत प्रवेश केला जातो. रेडिओलहरींच्या उपकरणाला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी स्पेनमधील कार्लोस बोने यांनी नीलेच्या आतून लेसर वापरल्याचा अनुभव प्रसिद्ध केला व २००२ मध्ये लेसरलाही अमेरिकेत मान्यता मिळाली. रेडिओलहरींच्या नंतरच्या आवृत्तीत नीलेचा ७ सेंटिमीटर लांबीचा एकेक भाग १२० अंश सेल्सिअस तापमानाला २० सेकंद तापविला जातो. या उष्णतेपासून भोवतालच्या ऊतींचे रक्षण व्हावे म्हणून नीलेभोवती विरल केलेले भुलीचे औषध मोठ्या प्रमाणात टोचावे लागते. हे तंत्र त्वचाविशारद क्लाइन यांनी १९८७ मध्ये चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मांडले होते. टाका नसला तरी सुया अनेक असतात, ही वस्तुस्थिती जाहिरातींत क्वचितच आढळते.

फेसोपचाराचे तत्त्व याहून जुने आहे. नीलेचे अस्तर चिकटविणारे द्रव औषध रक्तात लवकर विरल होते. तेच औषध फेसाच्या रूपात दिल्यास ते रक्ताला बाजूला सारून नीलेच्या भिंतीशी टिकते. स्पेनमधील हुआन काब्रेरा यांनी १९९० च्या दशकात या पद्धतीला चालना दिली. इटलीतील लोरेंझो तेसारी यांनी २००० मध्ये दोन सिरिंज आणि एक तीनतोंडी तोटी एवढ्या साधनांतून फेस तयार करण्याची रीत दाखविली. ही साधने कोणत्याही रुग्णालयात उपलब्ध असतात, हे तिचे वैशिष्ट्य होय. त्वचेवर तपकिरी डाग राहणे आणि क्वचित दृष्टी क्षणभर धूसर होणे हे तिचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. सायनोअॅक्रिलेट या गोंदाच्या उपचाराला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. त्यात उष्णता नाही, त्यामुळे भोवती भूल टोचण्याची आवश्यकताही नाही. मात्र तो पदार्थ शरीरात दीर्घकाळ राहतो व काही रुग्णांत त्याची अतिसंवेदनशील प्रतिक्रिया उमटते.

सर्वच पद्धतींत खोल नीलेत गुठळी होण्याचा अल्प धोका असतो. उष्णतेच्या पद्धतींत गुडघ्याखाली नीलेलगत जाणाऱ्या संवेदी मज्जातंतूला इजा होऊ शकते. याशिवाय, मोठी सॅफिनस नीला ही हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत पर्यायी वाहिनी म्हणून वापरली जाते. ती नष्ट करणे हा अपरिवर्तनीय निर्णय असतो. नीला राखून केवळ प्रवाहाची दिशा सुधारण्याचा विचार फ्रान्समधील क्लोद फ्रान्चेस्की यांनी १९८८ मध्ये मांडला. नीला नष्ट करणे हाच एक मार्ग नाही, याची ती आठवण होय.

५. चाचण्यांची साक्ष

या पद्धतींच्या तुलनेचा सर्वांत उपयुक्त पुरावा डेन्मार्क आणि ब्रिटन येथून आला. रासमुसेन व सहकाऱ्यांची चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ५०० रुग्णांची विभागणी लेसर, रेडिओलहरी, फेस आणि शस्त्रक्रिया या चार गटांत करण्यात आली. एका वर्षानंतर नीला पुन्हा उघडी आढळण्याचे प्रमाण लेसरमध्ये ५.८ टक्के, रेडिओलहरी व शस्त्रक्रिया यांत प्रत्येकी ४.८ टक्के आणि फेसोपचारात १६.३ टक्के होते. या आकड्यांपेक्षाही वेदनेच्या नोंदी अधिक उद्बोधक आहेत. पहिल्या १० दिवसांतील सरासरी वेदनांक रेडिओलहरींमध्ये १.२१, फेसोपचारात १.६०, शस्त्रक्रियेत २.२५ आणि लेसरमध्ये २.५८ होता. म्हणजेच छेद न घेणाऱ्या लेसरमध्ये वेदनांक छेद घेणाऱ्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी नव्हता. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. या चाचणीतील शस्त्रक्रियाही विरल स्थानिक भूल देऊन करण्यात आली होती आणि वापरलेला लेसर तंतू जुन्या, उघड्या टोकाचा होता. तथापि, 'अल्पछेदी' आणि 'अल्पवेदनादायी' हे शब्द समानार्थी नाहीत, हे या चाचणीने स्पष्ट केले.

ब्रिटनमधील 'क्लास' ही चाचणी अधिक व्यापक आहे. ११ केंद्रांतील ७९८ रुग्णांवर झालेल्या या चाचणीचे सहा महिन्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. जीवनमानाच्या बहुतेक मापांवर तिन्ही उपचार जवळपास सारखेच ठरले. फक्त फेसोपचाराचा गट विकारविशिष्ट जीवनमानात शस्त्रक्रियेहून किंचित मागे होता. उपचारप्रसंगी उद्भवणाऱ्या गुंतागुंतीचे प्रमाण शस्त्रक्रियेत ७ टक्के, फेसोपचारात ६ टक्के आणि लेसरमध्ये १ टक्का होते. पाच वर्षांचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. विकारविशिष्ट जीवनमानात लेसर व शस्त्रक्रिया हे दोन्ही गट फेसोपचाराच्या पुढे होते. सर्वसाधारण जीवनमानात मात्र गटांमध्ये फरक आढळला नाही.

या निष्कर्षांचे वाचन करताना तीन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, पाचव्या वर्षी जीवनमानाची माहिती ७९८ पैकी ५९५ रुग्णांचीच उपलब्ध झाली. सुमारे एक चतुर्थांश रुग्ण नोंदीबाहेर राहिले. दुसरी, आपल्यावर कोणता उपचार झाला हे रुग्णांना ठाऊक होते व मुख्य मापन रुग्णांच्याच उत्तरांवर अवलंबून होते. नव्या तंत्राविषयीचे आकर्षण अशा उत्तरांत मिसळण्याची शक्यता नाकारता येत नाही. तिसरी, पाचव्या वर्षी फेसोपचाराच्या तुलनेत लेसरला मिळालेली आघाडी शंभर गुणांच्या मापावर २.८६ गुणांची होती. संख्याशास्त्रीय दृष्टीने हा फरक अर्थपूर्ण ठरतो. रुग्णाच्या दैनंदिन जीवनात तो किती जाणवतो, हा प्रश्न वेगळा आहे व त्याचे उत्तर संख्याशास्त्र देत नाही.

या सर्व पुराव्याचा निष्पक्ष अर्थ असा की, शस्त्रक्रिया कालबाह्य ठरलेली नाही आणि लेसर चमत्कार नाही. लेसरचा खरा लाभ गुंतागुंत कमी असणे, संपूर्ण भूल टाळता येणे आणि लवकर कामावर परतता येणे हा आहे. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने जुलै २०१३ मधील मार्गदर्शक सूत्रांत उष्णतेच्या पद्धतींना प्रथम, फेसोपचाराला द्वितीय आणि शस्त्रक्रियेला तृतीय स्थान दिले. हा क्रम परिणामकारकता आणि खर्च यांचा एकत्रित विचार करून लावलेला आहे, ही गोष्ट तो उद्धृत करताना बहुधा विसरली जाते.

६. 'अल्प' या शब्दाची चिकित्सा

मराठी लोकव्यवहारात 'नस' हा शब्द नीला, मज्जातंतू आणि कधी स्नायूबंध यांसाठीही वापरला जातो. 'नस दबली', 'नस फुगली', 'नस चढली' आणि 'नसबंदी' या चार प्रयोगांत चार वेगवेगळ्या शरीरघटकांचा वा घटनांचा निर्देश होतो. त्यामुळे 'लेसरने नस जाळतात' हे वाक्य ऐकणाऱ्या रुग्णाला आपल्या पायातील बळ जाणार अशी भीती वाटली, तर तो दोष केवळ त्याच्या अज्ञानाचा नाही. 'अपस्फीत नीला' ही पारिभाषिक संज्ञा नेमकी असली तरी ती रुग्णापर्यंत पोहोचत नाही. 'व्हेरिकोज व्हेन्स' हे इंग्रजी नाव पोहोचते, परंतु त्यातून काहीच उलगडत नाही. या पोकळीत जाहिरातीची भाषा शिरते.

'बिनटाक्याची' हा शब्द महाराष्ट्राला कुटुंबनियोजनाच्या प्रचारातून परिचित झाला. टाका नाही म्हणजे शस्त्रक्रिया नाही आणि शस्त्रक्रिया नाही म्हणजे धोका नाही, अशी विचारसाखळी त्यातून तयार होते. वस्तुतः 'अल्प' हे विशेषण सापेक्ष आहे. छेद अल्प असला तरी नष्ट होणारी नीला अल्प नसते, सुया अल्प नसतात आणि खर्चही अल्प असतोच असे नाही. उपचाराचे ओझे मोजायचे असेल तर वेदना, गैरहजेरी, गुंतागुंत, पुनरुद्भव, पुनर्भेटी आणि पैसा या सर्वांची बेरीज करावी लागते. छेदाची लांबी हे या बेरजेतील एक पद आहे. तेच संपूर्ण बेरीज म्हणून सादर करणे हा तर्कदोष होय.

७. व्रणाचा प्रश्न

नव्या पद्धतींच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा नीलाजन्य व्रणांच्या संदर्भात मिळतो. नेमका याच बाबतीत त्यांचा प्रचार सर्वांत कमी होतो, हा या विषयातील मोठा विरोधाभास आहे.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एस्कार' या ब्रिटिश चाचणीत ५०० रुग्ण होते. केवळ दाबपट्टी बांधलेल्या गटात आणि दाबपट्टीसह शस्त्रक्रिया झालेल्या गटात २४ आठवड्यांत व्रण भरण्याचे प्रमाण सारखेच, ६५ टक्के, होते. एका वर्षात व्रण पुन्हा होण्याचे प्रमाण मात्र २८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. म्हणजे शस्त्रक्रियेने व्रण लवकर भरला नाही, परंतु परतण्यापासून रोखला. शस्त्रक्रियेच्या गटातील काही रुग्णांनी ती करून घेण्यास नकार दिला होता, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

२०१८ मधील 'एव्हरा' या चाचणीत ब्रिटनमधील २० केंद्रांतील ४५० रुग्णांचा समावेश होता. एका गटावर दोन आठवड्यांच्या आत नीलेच्या आतून उपचार करण्यात आला. दुसऱ्या गटात तो व्रण भरेपर्यंत किंवा सहा महिन्यांपर्यंत लांबविण्यात आला. दाबपट्टी दोन्ही गटांत होती. व्रण भरण्याचा मध्यक कालावधी पहिल्या गटात ५६ दिवस व दुसऱ्यात ८२ दिवस आढळला. २४ आठवड्यांत व्रण भरण्याचे प्रमाण अनुक्रमे ८५.६ व ७६.३ टक्के होते. लेसर, रेडिओलहरी किंवा फेस यांपैकी कोणती पद्धत वापरावी, हे चिकित्सकावर सोपविण्यात आले होते. यावरून निष्पन्न होते ते असे की, निर्णायक घटक विशिष्ट यंत्र नसून वेळ हा आहे. वृद्ध, अशक्त आणि उघडी जखम असलेल्या रुग्णाला संपूर्ण भुलीशिवाय, पंधरवड्याच्या आत उपचार देता येतो, ही अल्पछेदी पद्धतींची खरी कमाई होय. 'अल्प' या शब्दाला येथे खऱ्या अर्थाने वजन प्राप्त होते.

या चाचणीचीही एक मर्यादा आहे. सहा आठवड्यांहून अधिक आणि सहा महिन्यांहून कमी जुने व्रणच तिच्यात समाविष्ट होते. वर्षानुवर्षे चिघळत राहिलेल्या जखमेबाबत तिचे निष्कर्ष थेट लागू करता येत नाहीत.

८. महाराष्ट्राच्या संदर्भात

ही मर्यादा महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. दीर्घकाळ उभे राहण्याची कामे करणारे लोक, उदाहरणार्थ यंत्रमाग कामगार, बसवाहक, पोलीस, दुकानांतील नोकर, स्वयंपाकाची कामे करणाऱ्या स्त्रिया आणि अर्थातच शिक्षक, यांना या विकाराचा त्रास अधिक जाणवतो. यांपैकी ज्यांची मजुरी दिवसावर अवलंबून असते, ते जखम झाल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाहीत. दाब देणारे मोजे उन्हाळ्यात दिवसभर घालणे त्यांना कठीण जाते. ब्रिटनमधील खर्चविषयक निष्कर्ष, उदाहरणार्थ एका गुणसमायोजित जीवनवर्षासाठी २०,००० पौंड हा उंबरठा धरल्यास 'क्लास' चाचणीच्या प्रतिमानातील ७७.२ टक्के आवर्तने लेसरच्या बाजूने गेली हा निष्कर्ष, तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या हिशेबावर उभा आहे. जेथे उपचाराचा खर्च बहुधा रुग्णाच्या खिशातून होतो, तेथे तो जसाच्या तसा लागू करणे शास्त्रीय ठरणार नाही.

उलटपक्षी, फेसोपचाराला पाच वर्षांच्या तुलनेत तृतीय स्थान मिळाले म्हणून तो येथे त्याज्य मानणेही योग्य नाही. त्याला एकदाच वापरायचे महागडे कॅथेटर लागत नाही. सोनोग्राफी यंत्र, प्रशिक्षित हात, औषध आणि दोन सिरिंज एवढ्यावर तो देता येतो. नीला पुन्हा उघडली तर तो पुन्हाही देता येतो. व्रणाच्या रुग्णाला दूरच्या शहरातील उत्कृष्ट उपचाराची प्रतीक्षा करायला लावण्यापेक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी वेळेवर मिळणारा पुरेसा चांगला उपचार श्रेयस्कर ठरू शकतो. 'एव्हरा' चाचणीने वेळेला दिलेले महत्त्व या विचाराशी सुसंगत आहे. कलर डॉपलर तपासणीची सोय आणि ती करणारे कुशल मनुष्यबळ ही मात्र त्यासाठीची पूर्वअट आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) अल्पछेदी पद्धती शस्त्रक्रियेइतक्याच परिणामकारक, परंतु रुग्णाला तुलनेने सुसह्य आहेत. फेसोपचारात नीला बंद राहण्याचे प्रमाण कमी असते. 'कायमचा इलाज' हा दावा कोणत्याच पद्धतीच्या बाबतीत सिद्ध होत नाही.

२) छेदाची लांबी आणि उपचाराचे एकूण ओझे या भिन्न गोष्टी आहेत. डेन्मार्कमधील चाचणीतील वेदनेच्या नोंदी याची साक्ष देतात.

३) दिसणारी नीला व जाणवणारा त्रास यांचा संबंध अनिश्चित असल्याने, उपचारापूर्वी त्रासाचे कारण निश्चित करणे हे तंत्राच्या निवडीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

४) या पद्धतींचा सर्वाधिक सामाजिक लाभ नीलाजन्य व्रणाच्या रुग्णांना होऊ शकतो. सार्वजनिक रुग्णालयांतील प्राधान्यक्रम त्यानुसार ठरविला जाणे इष्ट आहे.

५) रुग्णाला समजेल अशी नेमकी मराठी भाषा घडविणे हे वैद्यकीय संमतीचेच एक अंग आहे. 'नस जाळणे' आणि 'निकामी झडपांची नीला आतून बंद करणे' या दोन शब्दप्रयोगांतील अंतर म्हणजे भय आणि आकलन यांच्यातील अंतर होय. विज्ञान आणि भाषा या दोन्ही विद्याशाखांतील अध्यापकांनी एकत्रितपणे हाती घ्यावे, असे हे काम आहे.